मृणालीबाईंच्या पिशव्या आणि प्रितेशची हळद

मृणाली केणी आमच्या भिवंडीतल्या टेमघरच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या, तेव्हा पहिले काही महिने त्यांचा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचतच नव्हता. शाळेच्या भिंतीला लागून सलीमभाईंचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना होता. सकाळची शिफ्ट सुरू झाली की खिडक्यांची तावदानं थरथरायची. आम्ही जुने मास्तर त्या खटखटाटावर ओरडून शिकवायला सरावलो होतो. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. माझी कविता त्यांच्या वर्गात ऐकू जायची, असं त्या हसून सांगत. त्यांना स्वतःला ओरडता येत नसे. त्यांनी बाकं पुढे ओढून घेतली, मुलांना जवळ जवळ बसवलं आणि हळू आवाजातच शिकवायला लागल्या. मुलांना ते आवडलं.

त्यांचं सासर जवळच्या वळ गावातलं. सासरे चांगदेव केणी गावातलं मोठं प्रस्थ. भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहिली तशी केण्यांच्या घरावर माडी चढली, दारात गाडी आली. नवरा शैलेश तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर होता, शांत माणूस. मृणालीबाई सासऱ्यांसमोर कामापुरतंच बोलायच्या. आबांना चहा देणं, आबांना जेवायला बोलावणं, बस्स. त्यांचा धाकच तसा होता.

दोन हजार पाचच्या जुलैत पूर आला आणि शाळेच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बाईंच्या प्रयोगशाळेत चिखलाशिवाय काही उरलं नव्हतं. तक्ते, बाटल्या, मुलांनी जमवलेली पानंफुलं, सगळं गेलं. आम्ही सगळे बादल्या आणि खराटे घेऊन चिखल काढत होतो, तेव्हा शाळेमागचा नाला साफ करायला कामगार आले. नाल्याच्या तोंडाशी त्यांनी पहार घातली आणि आतून पिशव्या निघायला लागल्या. पांढऱ्या, निळ्या, काळ्या, चिखलाने भरून दगडासारख्या जड झालेल्या. ढीग शाळेच्या कुंपणाएवढा उंच झाला तरी निघतच होत्या.

आठवीतली स्नेहा तो ढीग बघत उभी होती. तिची आई सरू टेमघरच्या बाजारात मासळी विकायची.

"बाई, इतक्या पिशव्या कोनाच्या हो?" तिने विचारलं.

मृणालीबाईंनी कपाळावरचा चिखल पुसला. "आपल्याच," त्या म्हणाल्या. "आणखी कोणाच्या असणार?"

पुरानंतर पातळ पिशव्यांवर बंदीची घोषणा झाली, आणि शाळांना जनजागृतीचं फर्मान आलं. आम्हीही फेरी काढली. मी घोषणा लिहून दिल्या, मुलांनी घसा बसेपर्यंत दिल्या, टेमघरच्या गल्ल्यांतून आम्ही मिरवून आलो. परत आल्यावर मुलांना खाऊ वाटला. वडापाव, प्रत्येकाला वेगळा, पातळ पिशवीत बांधलेला. वर पाण्याचा पाऊच. पाचच मिनिटांत मैदान पांढरं झालं. एका हातात 'प्लास्टिक टाळा'चा फलक धरलेला एक मुलगा दातांनी पाऊच फोडत होता, आणि रिकामा पाऊच त्याने पायाशीच टाकला.

हेडमास्तर म्हणाले, "शिपाई झाडून घेईल." मृणालीबाई मैदानात उतरल्या. वाकून एकेक पिशवी गोळा करायला लागल्या. ते बघून मला काही उभं राहवेना, मीही वाकलो.

"सर," त्या मध्येच मला म्हणाल्या, "आपण मुलांना सांगितलं काय आणि दाखवलं काय!"

त्या दिवसानंतर त्यांनी प्लास्टिकवर भाषण म्हणून दिलं नाही. त्याऐवजी आठवीच्या वर्गाला एक काम दिलं. घरात येणारी प्रत्येक पिशवी आठवडाभर धुऊन, वाळवून ठेवायची आणि शाळेत आणायची. व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी बांधली आणि मुलांनी आपापल्या पिशव्या तिला चिमट्यांनी लावल्या. सुतळी पुरली नाही. दुसरी बांधली, तिसरी बांधली. वारा सुटला की सगळा व्हरांडा सळसळायचा. मुलं त्याखालून जाताना आधी हसत होती. मग त्यांनी आपणहून पिशव्या ओळखायला सुरुवात केली. ही भाजीची, ही दुधाची, ही कोळणीकडची.

"सर्वांत जास्त माझ्या आईच्याच हायत," स्नेहा खाली मान घालून म्हणाली.

"तुझी आई त्या घरी नेत नाही ना," बाई म्हणाल्या. "घेणारे नेतात. मग आपण घेणाऱ्यांच्या हातात दुसरं काही देऊ या का?"

भिवंडीत कापडाला काय तोटा! मृणालीबाई भिंतीपलीकडे सलीमभाईंकडे गेल्या. विणताना डाग पडलेलं, धागा तुटलेलं कापड त्यांच्याकडे कोपऱ्यात पडलेलं असायचं. सलीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तागेच उचलून दिले. "मैडम, डैमेज माल है, ले जाओ. और लगा तो बोलना. बच्चों का काम है." मग कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींनी पिशव्या शिवल्या. मुलगे आधी लाजत होते. पण शिलाई यंत्राचं पायडल मारायला मिळतंय म्हटल्यावर रांग लागली. प्रत्येक पिशवीवर बाईंनी मुलांकडून चित्रं काढून घेतली. मासा, होडी, भाताची लोंबी, फुलं. फार देखण्या झाल्या. टेमघरमध्ये आणि वळमध्ये घरोघर जाऊन मुलांनी त्या वाटल्या. बायकांनी कौतुक केलं, कोणी मुलांच्या हातावर लाडू ठेवला.

महिनाभराने बाई बाजारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांची एकही पिशवी कोणाच्या हातात नव्हती. त्याच पातळ पिशव्या, त्याच गाठी.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना, बायजाबाईंना विचारलं, "आई, मी दिलेली पिशवी कुठंय?"

बायजाबाई उठल्या, कपाट उघडलं आणि पैठणीखालून इस्त्रीची घडी केलेली पिशवी काढून दाखवली. "ही काय! जपून ठेवलीय."

"अहो, ती बाजारात न्यायला दिली होती."

"बाजारान? ही?" बायजाबाईंनी पिशवीवरच्या माशावरून हात फिरवला. "इतकी चांगली पिशवी मासलीला नेऊ? पोरांनी किती मन लावून केलीय! मी ती कुनाच्या लग्नाला जायला ठेवलीय."

मृणालीबाई दुसऱ्या दिवशी गावात फिरल्या. प्रत्येक घरात तेच. कोणी देव्हाऱ्याशी टांगली होती, कोणी नातवाची झबली तीत ठेवली होती, एकीने तर भिंतीवर चौकटीसारखी खिळ्याने ठोकली होती. शाळेत येऊन हे मला सांगताना त्या हसत होत्या, पण डोळ्यांत पाणीही होतं. "सर, सगळ्यांना आवडली हो. म्हणूनच कोणी वापरेना."

स्नेहाची आई सरू शाळेत मुलीची चौकशी करायला आली होती, तिने हे ऐकलं. सरू मोकळी बाई, आवाज असा की लूमलाही मागे टाकेल.

"मॅडम, तुम्ही रागावू नका, पन सांगते. पिशवी ऱ्हाते घरान आनि मानूस येतो बाजारान. कामावरून येता येता मासली घेतात लोक. तवा त्यांच्याजवल पिशवी कुठून असनार? मंग मीच देते ना काली पिशवी. न्हाय दिली तर गिऱ्हाईक शेजारनीकडे जातं."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे पिशवी बाजारात पाहिजे."

"तेच तर बोलते मी!"

या वेळी पिशव्या शिवल्या त्या मुद्दाम साध्या. चित्र नाही, रंग नाही, मळखाऊ कापड. कपाटात ठेवावी अशी एकही नको, असं बाईंनी बजावलं. सरूच्या टोपलीशेजारी आणि नाक्यावरच्या लडकू शेठच्या किराणा दुकानात खिळ्यांवर त्या टांगल्या. हवी त्याने घ्यावी, परत येताना आणून लावावी. मासळीसाठी सरूने नेहमीच्या गिऱ्हाइकांना डबा आणायला सांगितलं, डबा आणणाऱ्याला वर दोन बोंबील जास्त टाकायची.

खिळे आठवड्यात रिकामे झाले. पिशव्या गेल्या त्या गेल्या. लडकू शेठ म्हणाले, "बाई, लोकांना फुकटचं पचतं, परत करायचं पचत नाही."

ही अडचण मात्र वर्गाने सोडवली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येकाने आपापल्या गल्लीत फिरायचं आणि दारात उभं राहून विचारायचं, "काकी, पिशवी हाय का?" बस, एवढंच. लाजून म्हणा, कौतुकाने म्हणा, लोक पिशव्या काढून द्यायचे. मुलं त्या धुऊन पुन्हा खिळ्यांना लावायची. गल्ल्या वाटून घेतल्या होत्या, कोणाच्या गल्लीतून जास्त येतात यावरून चढाओढ लागायची. थंडी सुरू होईपर्यंत मुलांना हाक मारायचीही गरज राहिली नाही. दारातच पिशवी अडकवलेली असायची. सरूच्या काळ्या पिशव्यांचं बंडल पूर्वी दोन दिवसांत संपायचं, ते आता आठवडा-आठवडा पुरायला लागलं. बाजारातलं प्लास्टिक संपलं असं कोणी म्हणू नये, पण नाल्याच्या तोंडाशी उभं राहिलं की फरक दिसत होता.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंच्या धाकट्या दिराचं, प्रितेशचं लग्न ठरलं. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. त्यातून चांगदेव केण्यांच्या घरची. वळच काय, खाडीपलीकडची गावंही येणार होती. थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकच्या ग्लासांचे खोके आधीच येऊन पडवीत रचले होते. आदल्या वर्षी अशाच एका हळदीनंतर सगळा ढीग खाडीच्या काठावर नेऊन ओतला होता, तो भरतीने कितीतरी दिवस आत-बाहेर केला होता.

एका शनिवारी पिशव्या धुताना स्नेहाने सहज विचारलं, "बाई, तुमच्याकडच्या हलदीला पन प्लास्टिकचेच ग्लास?"

बाकीची मुलंही बाईंकडे बघायला लागली. बाईंनी काहीतरी उत्तर दिलं, पण नंतर शिक्षकांच्या खोलीत त्या डबा न उघडताच बसून होत्या.

"अख्ख्या बाजाराला सांगत सुटले, सर," त्या मला म्हणाल्या. "आणि स्वतःच्या घरात तोंड उघडत नाही."

त्याच संध्याकाळी त्या पडवीत आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हे सगळं मला पुढे शैलेशने सांगितलं. तो तिथेच झोपाळ्यावर बसला होता.

"आबा, हळदीला स्टीलचे ग्लास वापरू या का? मंडपवाल्याकडे गोण्या भरून पडलेत. हल्ली कोणी मागत नाही म्हणतो."

चांगदेव केण्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. सुनेने आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. "आनि धुनार कोन इतके?"

"मी धुईन."

आबा हसले. "केन्यांची सून, शालेतली बाई, दिराच्या हलदीला ग्लास धूत बसनार! लोक काय बोलतील मना?"

"मी बसतो तिच्यासोबत," शैलेश म्हणाला.

आतून बायजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आबांनी मुलाकडे बघितलं, मग सुनेकडे. "करा काय करायचं ते," ते शेवटी म्हणाले. "पन एक सांगतो. एक जरी पाव्हना पान्यासाठी खोलंबला, तर हे खोके त्याच टायमाला फोडनार. ताटांचं मात्र काय बोलायचं न्हाय."

हळदीला मी सहकुटुंब गेलो होतो. ढोल, बँजो, मांडवभर माणसं. प्रितेश पिवळाजर्द होऊन पाटावर बसला होता. मांडवामागे नळाजवळ मोठी घमेली मांडून मृणालीबाई आणि शैलेश ग्लास धुवायला बसले होते. बाईंची नवी साडी गुडघ्यांपर्यंत भिजली होती. सुरुवातीला लोक मुद्दाम मागे येऊन बघून जात. शैलेशचे मित्र टोमणे मारत होते, "काय रे सुपरवायझर, ड्युटी बदलली काय?" तो हसून पुढचा ग्लास उचलायचा.

पंगती वाढल्या आणि तास-दीड तासात व्हायचं तेच झालं. ग्लास संपले. धुणारे हात मोकळे बसले होते, पण धुवायला ग्लासच येत नव्हते. लोक पाणी पिऊन खुर्चीखाली, मांडवाच्या खांबाशी, स्टेजमागे, दिसेल तिथे ग्लास ठेवून मोकळे होत. पाण्याच्या पिंपापाशी गर्दी झाली. कोणीतरी ओरडलं, "अरे, पानी हाय का न्हाय?" चांगदेव केणी उठले. पडवीतला एक खोका त्यांनी स्वतः बाहेर आणला आणि त्याची दोरी तोडली.

मृणालीबाई ओल्या हातांनी उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

तेवढ्यात स्नेहा पुढच्या पंगतीतून उठली. गावातली तिच्या वर्गातली सात-आठ मुलंही जेवायला आली होती. तिने त्यांना काही सांगितलं आणि ती मुलं मांडवात पांगली. गल्ल्या वाटून घ्याव्यात तशा त्यांनी खुर्च्यांच्या रांगा वाटून घेतल्या. एकेका रांगेत शिरून वाकायचं आणि विचारायचं, "काका, ग्लास हाय का?" सरू तर मांडवाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बाजारातल्या आवाजात सुरू झाली, "ओ दादा! पानी पिलास ना? मंग ग्लास काय घरी न्यायचाय? आन इकडं!" लोक हसायला लागले. हसता हसता खुर्चीखालून ग्लास काढून द्यायला लागले. पिशव्यांत भरून ग्लास नळावर आले, नळावरून पिंपाशी गेले. थोड्या वेळाने पाहुणेच उठून ग्लास आणून द्यायला लागले. शैलेशला टोमणा मारणारा मित्र बाही दुमडून घमेल्यापाशी बसला होता.

आबा उघडा खोका पुढ्यात घेऊन बराच वेळ उभे होते. मग त्यांनी झाकण मिटलं आणि तो पायाने पडवीत सरकवला.

सकाळी उठून मृणालीबाई अंगणात आल्या तर आबा घरात नव्हते. पहाटे वारा सुटला होता. मांडवामागे रचलेली थर्माकोलची ताटं उडून शेजारच्या राघो पाटलाच्या शेतात, कुंपणावर, खाडीच्या वाटेवर पसरली होती. चांगदेव केणी धोतर खोचून एकटे शेतात ताटं वेचत होते. बाई गेल्या आणि शेजारी वेचायला लागल्या.

वेचता वेचता आबा म्हणाले, "ताटांचं पन बोलायला पायजे व्हतंस."

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

आबांनी विचार केला. "न्हाय," ते म्हणाले आणि एकदम खो खो हसत सुटले. माडीवरून बायजाबाई बघत होत्या. या घरात सासरा-सून असे हसताना त्यांनी कधी बघितले नव्हते.

त्या पावसाळ्यानंतर गावकीच्या बैठकीत चांगदेव केण्यांनी विषय काढला. गावाची म्हणून स्टीलची ताटं आणि ग्लास घ्यायचे, ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायचे, धुऊन परत करायचे. एकदोघांनी कुरकुर केली, पण केण्यांच्या हळदीत कमीपणा वाटला नाही तर आपल्याला काय वाटणार, असं म्हणून तीही थांबली. मोठ्या कार्याला गणेशपुरीकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या बायका पत्रावळी पुरवायला लागल्या. पहिल्याच वेळी त्यांतून आमटी गळली आणि बऱ्याच जणांच्या कपड्यांवर हळदीचे डाग पडले. मग आमटीला वाटी आली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. लडकू शेठचा मुलगा दुकानात बसायला लागल्यावर खिळ्यांवरच्या पिशव्या गेल्या आणि पातळ पिशव्या परत आल्या. स्नेहाचा वर्ग दहावी होऊन शाळेतून गेला, तेव्हा शनिवारची फेरी महिनाभर बंदच पडली. बाईंनी पुन्हा आठवीपासून सुरुवात केली. पुन्हा सुतळी, पुन्हा व्हरांड्यात पिशव्या. या वेळी सरूला त्यांनी वर्गात बोलवून उभं केलं आणि म्हणाल्या, "या तुम्हाला शिकवतील." सरू आधी पदराने तोंड झाकून लाजली, मग अशी बोलली की शेजारच्या वर्गातली माझी मुलं माझं ऐकायची थांबली.

मी निवृत्त झालो त्या वर्षी, दोन हजार नऊला, एकदा कामानिमित्त वळच्या गोदामांकडे गेलो होतो. एका गोदामाच्या फाटकाशी आमच्या शाळेची मुलं रांगेत उभी दिसली. आत मालाच्या खोक्यांना गुंडाळलेलं पारदर्शक प्लास्टिक डोंगरासारखं साचलं होतं. शैलेश मॅनेजरला काहीतरी समजावत होता आणि मॅनेजर मान हलवत होता, नाही म्हणतोय की हो, ते लांबून कळत नव्हतं. मृणालीबाईंनी मला बघून हात केला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"स्वच्छ प्लास्टिक वेगळं ठेवलं तर ते वितळवून परत वापरणारे लोक आहेत, सर. यांना सांगतोय, नाल्यात टाकू नका, त्यांना द्या."

"ऐकतील?"

"आज नाही म्हणालेत," त्या म्हणाल्या. "गुरुवारी परत बोलावलंय."